रात्री बारा वाजता आई कशाची वाट बघते?

ताई, नमस्कार.

मी कराडचा. वय ४६, बँकेत नोकरी. घरात आई, मी, बायको आणि दोन मुलं. थोरला यंदा दहावीला, धाकटी सहावीत. वडील जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर पुण्याच्या बहिणीनं आईला फोन घेऊन दिला आणि माझी डोकेदुखी सुरू झाली.

आई ६८ वर्षांची. सुरुवातीला तिला फोन उचलायचाही धड जमत नव्हता. आता दिवसभर त्यावर टीव्ही बघते. मालिका, कीर्तनं, पंढरपूरचं दर्शन, कसल्या कसल्या रेसिपी. सकाळी पोळ्या लाटताना फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवलेला. दुपारी खोलीत पडल्या पडल्या. आणि पावसाळ्यापासून नवीनच सुरू झालंय. रात्री पाणी प्यायला उठलो की साडेबारालासुद्धा तिच्या खोलीत उजेड. आवाज एवढा, की मालिकेतल्या सासूचं बोलणं जिन्यापर्यंत ऐकू येतं.

गेल्या दिवाळीत मी ४३ इंची टीव्ही घेतला. जुना २४ इंची चालू स्थितीत माळ्यावर पडलाय. पण ती हॉलमध्ये येऊन बसतच नाही. मी बातम्या किंवा मॅच बघतो, बायको तिच्या फोनवर, मुलांचं तर विचारूच नका. थोरल्याच्या दहावीमुळे जूनमध्ये वाय-फायचा पासवर्ड बदलला, तरी तो कुठून तरी नेट मिळवतोच. त्यात संध्याकाळी आईचा डेटा संपतो. ती माझ्याकडे हॉटस्पॉट मागते, मी नाही म्हणतो, मग दोन दिवस अबोला.

गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. आता डोळे चुरचुरतात, पाणी येतं म्हणते. शेजारच्या काकूंबरोबर भजनी मंडळात जायची, तेही श्रावणानंतर बंद आहे.

कडेगाव तालुक्यातल्या वडगावात संध्याकाळी भोंगा वाजतो आणि सगळं गाव टीव्ही-मोबाइल बंद करतं. तसा नियम घरात करावा का? की रिचार्जच बंद करू? बायको म्हणते, ‘असू द्या, त्यांना दुसरं कोण आहे?’ मला ते पटत नाही. आम्ही आहोत ना.

एक मुलगा, कराड

* * *

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. दोन वाक्यांखाली रेघ मारली आहे. ‘जूनमध्ये वाय-फायचा पासवर्ड बदलला’ हे एक, आणि ‘पावसाळ्यापासून साडेबारालासुद्धा उजेड’ हे दुसरं. तुम्ही ती दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलीत, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसावं. पावसाळा जूनमध्येच सुरू होतो.

नवा पासवर्ड आईला दिला होतात का? माझा अंदाज आहे, नाही. मुद्दाम नव्हे, विसरलात. तो बदल थोरल्यासाठी होता, आई त्यात ओघानं बाहेर राहिली. तिनंही मागितला नसणार. त्या पिढीच्या बायका हॉटस्पॉट मागतात, कारण तो तेवढ्यापुरता असतो. पासवर्ड मागणं म्हणजे हक्क सांगणं झालं.

आता पुढचं बघा. प्रीपेडच्या बहुतेक पॅकमध्ये रोजचा डेटा ठरलेला असतो, दीड किंवा दोन जीबी. तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचं ‘सुप्रभात’ कसंबसं जातं, मालिका चालत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. आणि नव्या दिवसाचा डेटा रात्री बारा वाजता मिळतो. म्हणजे संध्याकाळी सातला आईचं नेट बसलं, साडेसातची मालिका बघायची राहिली, तुम्ही हॉटस्पॉट दिला नाहीत. मग ती बाई करणार काय? बाराची वाट बघणार. तुम्हाला जे व्यसन वाटतंय ते मला तरी रेशनच्या रांगेत उभं राहण्यासारखं दिसतंय. माझी चूकही असेल. विचारून बघा, पण ‘इतक्या रात्री काय बघतेस’ असं नका विचारू. ‘नेट कधी संपतं गं तुझं?’ असं विचारा.

डेटा एवढ्या लवकर का संपतो, तेही सांगते. पोळ्या लाटताना बघायचं म्हणजे डोळे तव्यावर आणि कान फोनवर. त्याला एचडी कशाला हवं? साधारण ४८० पी या दर्जाला तासाला अर्धा जीबीच्या आसपास लागतो. एचडीला तेवढ्याच तासाला एक ते दीड जीबी जातो. ॲप आपण होऊन नेटच्या वेगाप्रमाणे दर्जा वाढवतं, आणि पोळ्या होईपर्यंत दिवसाचा शिधा संपतो. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘डेटा सेव्हर’ किंवा कमी दर्जा निवडा. एकामागून एक भाग आपोआप लागतो तो ‘ऑटोप्ले’ही बंद करा, रात्रीच्या जागरणात त्याचाही हात असतो. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते तिच्याकडून होणार नाही, तुम्हीच शेजारी बसून करा.

(डेटाशिवाय फोनवर टीव्ही दिसेल असं तुम्ही कुठे वाचलं असेल. थेट प्रक्षेपणाच्या त्या तंत्राच्या चाचण्या प्रसार भारतीनं केल्या आहेत हे खरं. पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते. आईच्या हातातल्या फोनला त्याचा उपयोग नाही, त्या आशेवर थांबू नका.)

तर पहिलं काम, वाय-फाय. आजच आईच्या फोनला जोडून द्या आणि तिच्या खोलीत रेंज पोचते का ते बघा. जुन्या घरांच्या भिंती जाड असतात, वाय-फायचा डबा, म्हणजे राउटर, हॉलमध्ये असला की मागच्या खोलीत एकच रेघ दिसते. आणि एक सावधगिरी. हल्लीच्या अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फाय ‘शेअर’ केलं की क्यूआर कोड येतो. आजीच्या फोनवरून तो स्कॅन करायला दहावीच्या मुलाला अर्धं मिनिट पुरतं. तेव्हा पासवर्डाच्या मागे लागू नका. राउटरमध्ये एकेका फोनला वेळ लावून देता येतो, तो थोरल्याच्या फोनला लावा. त्याची दहावी आहे, आजीची नाही.

रिचार्ज बंद करण्याचं बोलूच नका. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये कॉल आणि डेटा एकत्र असतात. डेटा बंद करायला जाल आणि तिचं पुण्याला लेकीशी बोलणं बंद कराल.

आता दुसरी गोष्ट. इथे जरा कडू बोलणार आहे, चालवून घ्या.

आमच्याकडे टीव्ही आला १९८४ साली. लाकडी खोका, पुढे सरकती दारं. दारांना कुलूप नव्हतं, पण असल्यासारखंच होतं, कारण ती उघडायचे आमचे वडील. सातच्या मराठी बातम्या त्यांच्या. पुढचं काय लावायचं तेही तेच ठरवत. आई टीव्ही बघायची ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, उभ्यानं, हाताला कणीक लागलेली असताना. भाजी खाली लागल्याचा वास आला की आत जायची आणि परत येईपर्यंत कथा पुढे गेलेली असायची. मग मला विचारायची, ‘मघाशी रडत होती ती कोण?’ माझी आई मालिका बसून बघते आहे असं चित्र मला आठवतच नाही. पुढे रंगीत आला, केबल आली, रिमोट आला. तो वडिलांच्या उशाशी असायचा.

तुमच्या घरात वेगळं होतं का? वडील असताना रिमोट कुणाच्या हातात असायचा? आणि ते गेल्यावर तो वारसाहक्कानं कुणाकडे आला? तुमच्याच पत्रात उत्तर आहे. ‘मी बातम्या किंवा मॅच बघतो.’ ४३ इंची टीव्ही घरात आला, पण आईच्या वाट्याला त्याचा फक्त आवाज आला. बहिणीनं दिलेला सहा इंची पडदा हा तुमच्या आईच्या आयुष्यातला पहिला टीव्ही आहे, जो तिला हवा तेव्हा लागतो, हवा तेव्हा थांबतो, आणि भाजीला फोडणी घालून येईपर्यंत तिच्यासाठी खोळंबून राहतो. चाळीसेक वर्षं उभ्यानं बघितल्यावर कुणाला हे मिळालं तर तो फोन डब्याला टेकवून ठेवणारच.

‘ती आमच्यात बसत नाही’ ही तुमची खरी तक्रार आहे आणि ती मला कळते. आईनं दाराआड बसावं असं कुठल्या मुलाला वाटेल? पण तुम्हीच सांगता, हॉलमध्ये बायको फोनवर, मुलं फोनवर आणि तुम्ही मॅचमध्ये. मग तिनं कुणात बसायचं?

आणि भोंगा. वडगावचा भोंगा मला आवडतो. २०२२ साली सुरू झाला. संध्याकाळी सातला एकदा, साडेआठला एकदा, मधला दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पण त्यातली मेख ही, की तो मुलांच्या अभ्यासासाठी आहे आणि त्या वेळात आईबापांनीही टीव्ही लावायचा नाही, मोबाइल हातात घ्यायचा नाही. तुमच्या घरातला भोंगा एकाच खोलीत वाजणार असेल तर त्याला भोंगा म्हणू नये. लावायचाच तर तुम्ही चौघांनीही फोन कपाटावर ठेवा, टीव्ही बंद करा, थोरल्याला अभ्यासाला शांतता द्या. आणि आईची मालिका नेमकी त्याच वेळेला असेल, तर ॲपवर ती नंतर कधीही दिसते हे दाखवून द्या. अजूनही पुष्कळ लोकांना वाटतं की भाग चुकला म्हणजे गेला. काही ॲपवर पैसे भरले तर टीव्हीच्या आधीच भाग येतो. शेजारच्या काकूंना उद्या काय होणार ते आज सांगायचा मान आईला मिळू द्या, बघा कशी खुलते.

काकूंवरून भजनी मंडळ. सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती याच ओळीची. इतर सगळं मी आईच्या बाजूनं लढवीन, पण आवडतं मंडळ सोडणं ही वेगळी गोष्ट आहे. फोनमुळे सुटलं असं लगेच धरून चालू नका. गुडघे दुखतात का, अंधारात रस्ता दिसत नाही का, कुणाशी काही बोलणं झालंय का, की बारा-साडेबारापर्यंत जागून दुसऱ्या दिवशी अंगात त्राणच उरत नाही? काकूंना विचारलंत तर आईपेक्षा लवकर कळेल. जेवण कमी झालंय, झोप लागत नाही, कशातच मन नाही, असं दिसलं तर मात्र डॉक्टरांकडे न्या. वडील जाऊन दोन वर्षं झाली म्हणजे तिचं दुःख संपलं असं नसतं, आणि रात्री शेजारी कुणाचा तरी आवाज असावा म्हणून फोन चालू ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

डोळ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा लांबचं स्पष्ट दिसेल अशी लेन्स बसवतात. त्यामुळे रस्त्यापलीकडची पाटी तिला बिनचष्म्याची वाचता येईल, पण हातातला फोन बघायला जवळचा चष्मा लागतो. ती तो लावते का? की ऑपरेशन झालं म्हणजे चष्मा सुटला असं समजून तो कपाटात ठेवलाय? फोन हातभर लांब धरून, भुवया आक्रसून बघत असेल तर समजा, चष्मा लावत नाही. चुरचुरण्याचं कारण बहुधा कोरडेपणा असतो. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते, पडद्याकडे टक लावली की ते निम्म्यावर येतं. वरून पंखा तोंडावर असेल तर बघायलाच नको. आणि पाणी येतंय म्हणजे डोळा ओला आहे असं समजू नका, कोरड्या डोळ्यालाच चुरचुरून पाणी सुटतं. डॉक्टरांना दाखवा, ते थेंब देतील. दुकानातून मनानं थेंब आणू नका, ऑपरेशन झालेला डोळा आहे. रात्री बघायचंच तर खोलीतला दिवा चालू ठेवून, आणि आडवं पडून फोन नाकावर न धरता, एवढं सांगा. शंभर रुपयांच्या आसपास मोबाइल स्टँड मिळतो. पोळ्यांच्या डब्याचीही सुटका होईल.

जिन्यापर्यंत येणाऱ्या आवाजाबद्दल चिडण्याआधी तिची कानाची तपासणी करून घ्या. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ असले वर्ण पुसट होतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. माणूस मग आवाज वाढवतो, आणि मालिकेत संवादाबरोबर पार्श्वसंगीतही वाढतं, म्हणून शब्द पुन्हा बुडतो. त्यातून फोनचा स्पीकर इवलासा, आडवा धरला की तळहाताखाली झाकला जातो. छोटा ब्लूटूथ स्पीकर उशाजवळ ठेवला तर निम्म्या आवाजात काम भागेल. कानात खुपसायचे इअरफोन तिला देऊ नका, बाहेर कुणी पडलं-धडपडलं तरी कळायचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. फुकट सगळ्या वाहिन्या दाखवतो म्हणणारं ॲप व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून उतरवायचं नाही, हे तिला एकदा नीट समजावा. फोनमध्ये घुसून बँकेपर्यंत पोचण्याची ती वाट आहे, बँकेतल्या माणसाला मी काय सांगायचं. ॲपची वर्गणी तुम्हीच भरून द्या.

आता तुमच्या माळ्याकडे येते. २४ इंची टीव्ही चालू आहे म्हणता, तो तिथे उंदरांसाठी ठेवलाय का? त्याला एचडीएमआयचं भोक असेल तर स्ट्रीमिंग स्टिक लावून तिची ॲपं त्यावर दिसतील. फक्त तिची वर्गणी ‘फक्त मोबाइल’वाली नाही ना, ते बघा. तसले स्वस्त पॅक टीव्हीवर चालत नाहीत आणि मग घरात सगळे स्टिकला दोष देतात. नेटवर अवलंबून राहायचं नसेल तर डीडी फ्री डिश आहे. डिश आणि डबा एकदा घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री दिसतं. तिच्या मालिका खासगी वाहिन्यांवरच्या असतील तर त्या बहुधा तिथे मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. लांबून बघितल्यानं डोळ्यांचा ताणही उतरेल, आणि लांबचं तर तिला चष्म्याशिवायच दिसतं.

पण टीव्ही उतरवण्याआधी तिला विचारा. कदाचित तिला फोनच हवा असेल. तो तिच्याबरोबर ओट्यापाशी येतो, अंगणात येतो, टीव्ही भिंतीला बांधलेला असतो. ‘नको रे, राहू दे’ म्हणाली तर एकदा पुन्हा विचारा, कारण आयांचं पहिलं ‘नको’ धरायचं नसतं. दुसऱ्यांदाही नको म्हणाली तर तो विषय तिथेच सोडा, स्टँड आणि वाय-फाय एवढं पुरे.

हो म्हणाली तर रविवारी स्वतः माळ्यावर चढा, मुलाला खाली शिडी धरायला उभं करा. रिमोटमध्ये नवे सेल घाला आणि तो आईच्या हातात द्या. साडेसातचा भाग लागला की एक खुर्ची ओढून बसा. जाहिराती सोडल्या तर वीस-बावीस मिनिटांचा मामला असतो. मधेच ‘ही रडतेय ती कोण?’ असं विचारलंत तरी चालेल, तिला सांगायला आवडेल. ‘जरा बातम्या लावू का?’ एवढं मात्र विचारू नका.